अक्कांची भट्टी

डबी उघडायची, थेट समोरच्याच्या नाकाखाली धरायची आणि म्हणायचं, "आदी वास घ्या की, मग बोला." ही अक्कांची रीत. समोर गिऱ्हाईक असो, पोस्टमन असो, नाहीतर दारी आलेला नंदीबैलवाला. नंदीबैलानं वास घेऊन मान हलवली, तर अक्कांनी तोही होकारच धरला.

सोलापुरात नव्या पेठेमागच्या गल्लीत अक्का कोल्ड क्रीम बनवायच्या. मेण, तिळाचं तेल, गुलाबाचा अर्क. घरात तेलुगू, बाजारात मराठी आणि भांडताना दोन्ही. डब्या भरायला जवळच्या कुंभारी गावच्या बायका यायच्या आणि मी पिशवी खांद्याला मारून त्या डब्या गावोगाव विकायचो. सत्तरच्या दशकातली गोष्ट.

आमचा वैरी एकच, सोलापूरचं ऊन. तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या उन्हात तारेवर टाकलेली चादर इस्त्री होऊनच खाली यायची. फाल्गुनात गुलाब असलेलं आमचं क्रीम चैत्रात खवट शेंगदाणा व्हायचं. एका नवरीनं ते लावलं, तर वरातीचं घोडं नवरदेवासकट मागं सरकलं.

शेवटी बार्शीच्या शेठनी सगळा माल परत धाडला. आमचा निम्मा खप त्यांच्या दुकानावर. आणखी एक खेप खवट निघाली तर पुन्हा येऊ नका, असा निरोप. बार्शी गेली म्हणजे अक्कांचा धंदाच गेला. डब्या भरता भरता कुंभारीच्या सखूनं विचारलंच, "अक्का, आमी बिड्या वळायला जावं का?"

अक्कांनी तिच्यापुढं आणखी एक रिकामी डबी सरकवली.

त्याच सुमारास मुंबईच्या एका एजंटानं त्यांना पांढऱ्या खड्यांची पुडी दिली. नाव बीएचटी. गरम तेलात चिमूटभर विरघळवायचं, मग तेल लवकर खवट होत नाही. एजंट अर्धा तास इंग्रजी बोलला. तो गेल्यावर अक्कांनी आम्हाला समजावलं, "तेल आन् हवा पळून जाऊन लगीन लावत्यात, म्हणून नासतंय. ह्यो मधी आडवा पडनारा भाऊ."

बीएचटी काही त्यांच्या जिभेवर बसेना. आठवडाभरात त्याची 'भट्टी' झाली. नवा माल बार्शीला पोचवताना मी अक्कांचा निरोपही जसाच्या तसा दिला: भट्टी घातलेलं क्रीम हाय, आता बिघडत न्हाय.

वैशाख सरता सरता शेठनी बोलावणं धाडलं. अक्का स्वतः माझ्याबरोबर बार्शीला आल्या. शेठ कमरेवर हात ठेवून उभे. म्हणाले, भट्टीला टिकणारा माल असं तुम्हीच कळवलंत, म्हणून खोकं शेजारच्या चुरमुरेवाल्याच्या भट्टीला लावून ठेवलं. महिनाभर.

अक्कांनी पदर कमरेला खोचला. मी तर परतीची एस्टी कुठं लागते ते बघून ठेवलं.

खोकं आलं. चुरमुरेवाला आला, हमाल आले, निम्मी बार्शी लोटली म्हणा ना. अक्कांनी डबी उघडली. क्रीम वितळून पुन्हा थिजलेलं, वर तेलाचा थर, रूप बघवेना. त्यांनी डोळे मिटून वास घेतला. मग डबी शेठच्या नाकाखाली धरली.

शेठनी हुंगलं. पुन्हा हुंगलं. डबी चुरमुरेवाल्याकडं गेली. तो म्हणाला, "गुलाब हाय की ओ ह्यो."

शेठनी खोक्यातली एकूणएक डबी उघडून बघितली. सगळ्या गल्लीत गुलाबाचा असा घमघमाट सुटला की पलीकडच्या वरातीला वाटलं, अत्तर आपणच शिंपडलं. शेठ म्हणाले, "अक्का, जितकं बनवाल तितकं धाडा." वर हळूच विचारलं, "ती भट्टी आमच्या शेंगदाण्याला पन लावून देता का?"

त्यांचा गैरसमज अक्कांनी कधीच दूर केला नाही. उलट पुढं गिऱ्हाइकाला सांगायला लागल्या, आमचा माल भट्टीतनं निघतोय.

अक्का जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला त्या दिसतात त्या दिवशीच्याच. सोलापुरात उतरून घरी न जाता टांगा थेट कुंभारीला घेतला. बायका उंबऱ्यात येऊन उभ्या. टांग्यातूनच अक्का म्हणाल्या, "सखू, उद्या लवकर या गं समद्या." मग भट्टीतली एक डबी काढली आणि बोटानं प्रत्येकीच्या गालाला क्रीम फासत सुटल्या. उरलेलं टांग्याच्या घोड्याला लावलं. उतरत्या उन्हात सगळी कुंभारी चमकत होती, घोड्यासकट.