खिडकीतून टाकलेला रुमाल

पॉलिटेक्निकात ड्रॉइंग माझं चांगलं होतं. शेजारच्या बाकावरचा माझा मित्र, तो माझ्याच शीटवरून उतरवायचा. तरी जर्मनीतल्या रेल्वेच्या कारखान्यात लागला तो, आणि मी हातकणंगल्याहून रोज डिझेलच्या पॅसेंजरनं कोल्हापूरला फौंड्रीत.

काही वर्षांनी तो सुट्टीवर आला. लॅपटॉपवर त्यानं आपल्या कारखान्यात बनणारी रेल्वेगाडी दाखवली. आसपासच्या गावांना जोडणारी, विजेवर चालणारी. तीन डबे हवेत तर तीन, सहा हवेत तर सहा. दारं, खुर्च्या सगळं मागणीप्रमाणं बसवायचं. फलाटाला लागली की दाराखालून पायरी आपोआप बाहेर येते म्हणे.

"बरी हाय," एवढंच मी म्हटलं.

याला एकदा आमच्या पॅसेंजरचा हिसका दाखवायचाच, असं ठरवून दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला स्टेशनवर नेलं. गाडी गच्च भरून आली. इचलकरंजीला जाणारे उतरत होते. मी जेवणाचा डबा सांभाळत गर्दीतून दाराकडं घुसतोय, तोवर यानं खिशातला रुमाल खिडकीच्या गजांतून रिकाम्या बाकावर टाकला, कॉलेजात टाकायचा तसाच. आत गेलो तर दुसऱ्या दारानं शिरून तो बसलेला, आणि गाडी सुटेपर्यंत माझे रोजचे सोबती त्याच्याभोवती.

"पावणं, ती पायरी खरंच आपोआप येती व्हय?"

तो वर्तमानपत्राच्या कडेला गाडी काढून दाखवत होता. माझ्याकडून मागून घेतलेल्या माझ्याच पेनानं. रेषा अजून वाकडीच होती.

मला उभं बघून त्यानं हात पुढं केला. "डबा दे इकडं, मांडीवर घेतो."

मी दिला नाही. कोल्हापूर येईपर्यंत छातीशी धरून उभा राहिलो.