बाय-आत्याचा कान

अर्थ विचारल्याशिवाय बाय-आत्या कुणाच्याही कानात नाव सांगत नसे. बारशाला आलेल्या बायका खोळंबोत की पाळण्यातलं पोर रडून लाल होवो, ही आपली पदर खोचून उभी. "नाव आणलं कुठनं? अर्थ काय त्याचा?" टीव्हीवरून उचललेली नावं तिने भर बारशात परत पाठवली होती. ही माझ्या वडिलांची थोरली सावत्र बहीण, लोणी भापकरला दिलेली. मला बहीण नाही, त्यामुळे माझ्या मुलाचं नाव ठेवायचा मान तिचाच. आणि भवानीनगरच्या आमच्या घरात तिचा मान म्हणजे हुकूम.

माझी बायको नोरा आयर्लंडची. मुलगा पोटात असतानाच तिचे वडील वारले. त्यांचं ओशीन हे नाव ती मुलाला देणार होती. आत्या नाही म्हणाली असती, तर नोराने या घरात पुन्हा पाऊल टाकलं नसतं.

आत्या पाळण्यावर वाकली. तिच्या पाठीत बुक्क्या घालायला बायकांनी मुठी वळल्या. आणि ती पुन्हा ताठ उभी राहिली.

"अर्थ काय?"

"हरणाचं पिल्लू," नोरा म्हणाली. एवढं मराठी तिने घोटून ठेवलं होतं.

"पाडस लय भित्रं असतंय." माळावरची हरणं आत्याने जन्मभर पाहिलेली. "आन् आलं कुठनं ह्ये नाव?"

नोरा सांगू लागली, अडेल तिथे मी. तिकडची फार जुनी गोष्ट. एका जादूगाराने एका बाईची हरणी केली. तिने मुलाला रानातच वाढवलं. पुढे जादूगार तिला ओढून घेऊन गेला आणि पोर एकटं मागे राहिलं.

काकूने कपाळावर हात मारला. बारशात आई हरवल्याची गोष्ट! मी नोराला डोळ्यांनी दटावत होतो, पण गोष्ट बदलून सांगणाऱ्यातली ती नव्हे.

आणि सांगितली कुणाला, तर आत्याला. तिला जन्म देऊन तिची आई गेली होती. सुतकात बारसं राहिलं ते राहिलंच. कुणीतरी 'बाय' म्हटलं, तेच चिकटलं, लग्नातही बदललं नाही. बायकांच्या मुठी तशाच हवेत.

"आई गेल्यावर त्या पोराचं काय झालं?" आत्याने विचारलं.

"जगला. मोठा कवी झाला," नोरा म्हणाली.

"जगला न्हवं? मंग चांगलं नाव हाय," म्हणत आत्या पाळण्यात वाकली आणि तिच्या पाठीवर बुक्क्या बसल्या. नोरा रडली. खरं म्हणजे मीही रडलो.

आम्ही डब्लिनला परत निघालो, तेव्हा आत्या गाडीपाशी आली. नोरापुढे वाकून तिने पदर बाजूला सारला आणि कान पुढे केला. "पोरी, त्या हरणीचं नाव सांग की मला. माझं कुणी ठिवलंच न्हाय."

नोराने सांगितलं आणि हलकेच तिच्या पाठीत एक बुक्की घातली. जन्मात पहिल्यांदाच आत्याने अर्थ विचारला नाही. नुसती लाजली.

गेल्या वर्षी आत्या गेली. तिच्या दहाव्याचा विधी आम्ही डब्लिनहून फोनवर पाहत होतो. गुरुजींनी तिचं नाव विचारलं.

"बाय," काका म्हणाले.

"सायव्ह," नोरा इकडून मोठ्याने म्हणाली.

गुरुजींनी फोनकडे पाहिलं. "अर्थ काय त्याचा?"

नोराला हुंदका आवरेना. मग मीच सांगितलं, "गोड."