आमशाचं वय

रमीबाईला कामावरून काढायचं, हे मी जीपमध्ये बसायच्या आधीच ठरवून टाकलं होतं.

मी हिवतापाच्या कामावरचा पर्यवेक्षक. मूळचा रनाळ्याचा, पण सव्वीस वर्षं धडगावच्या डोंगरात काढलीत. आवाज मोठा, डोकं त्याहून गरम. घरी बायको म्हणते, "तुम्हना आवाजघाईच मच्छर मरी जातीन, फवारनी कसाले करतस?" म्हणू दे. या डोंगरात मी ओरडलो म्हणून पुष्कळ लोक जगलेत, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन.

रमीबाई आमच्या सगळ्यात लांबच्या पाड्यांची आशा कार्यकर्ती. चौथी शिकलेली, पंचेचाळिशीची, काटक बाई. बारा वर्षं हे काम करतेय. घरची उतारावरची जमीन, चार शेळ्या आणि वर पाच पाड्यांचं दुखणंखुपणं. कुणाला हीव भरलं की ही बोटाला सुई टोचणार, काचेवर रक्त घेणार, जागेवर तपासणार आणि मलेरिया निघाला की गोळ्यांचं पाकीट काढणार. गोळ्या हातात देऊन निघून यायची तिची पद्धत नाही. आधी स्वतःच्या फडक्यातली भाकर खायला लावते, मग गोळी, मग तोंड उघडून दाखवायचं. त्यानंतर अर्धा तास तिथंच ठाण मांडून बसते, कारण माणसाला उलटी झाली तर गोळी परत द्यावी लागते. पहाडात सगळेच सगळ्यांना अरेतुरे करतात. ती मलाही 'साहेब, तू' म्हणते, आणि त्याचं मला कधी काही वाटलं नाही.

तर अशा या बाईचा रोगी, आमशा. तीन दिवसांचा डोस पूर्ण, आणि चौथ्या दिवशीच्या रक्तात जंतू जिवंत. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर निर्मला मॅडमनी काच दोनदा बघितली आणि खुर्ची मागे सारली. "औषधाला जंतू दाद देत नसतील, तर आजच जिल्ह्याला कळवावं लागेल," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, मॅडम, एक दिवस थांबा. औषध चांगलंय, माणसं खोटी आहेत. गोळ्या पोटात गेल्याच नसतील.

हे मी रागाने बोललो, पण कारण होतं. आमच्या कामात सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे कमी पडलेला डोस. लेचेपेचे जंतू मरतात, टणक तेवढे उरतात. डास तेच टणक उचलतो आणि दुसऱ्याच्या अंगात नेऊन सोडतो. असं होत राहिलं की एक दिवस तीच गोळी कुणालाच लागू पडत नाही. मग हा अख्खा डोंगर काय खाणार? हे मी दर मीटिंगला घसा फोडून सांगतो. आणि या बाईने नेमकं तेच केलं, असं मी धरून चाललो होतो.

जीप जिथवर जाते तिथवर गेलो, पुढे दीड तास चाललो. रमीबाई आमशाच्याच घरी सापडली, त्याच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत. मी दारातूनच सुरू झालो. किती गोळ्या खाल्ल्या यानं? खरं बोल. लेखी घेईन तुझ्याकडून आणि आजच घरी बसवीन.

ती उठलीसुद्धा नाही. "सगळ्या खाल्ल्या. माझ्यासमोर," म्हणाली, आणि शेजारच्या कुडात खोचलेलं रिकामं पाकीट काढून माझ्या हातात दिलं. एकही गोळी उरलेली नव्हती. पाकीट लाल होतं. लाल म्हणजे नऊ ते चौदा वर्षांच्या पोरांचं. पंधरापासून वरच्यांना पांढरं, त्यात औषध जास्त.

मग मी खाटेकडे बघितलं. आमशाचे पाय खाटेबाहेर गेले होते. ओठावर चांगली काळी मिशी होती. गेली दोन वर्षं हा गडी गुजरातेत ऊसतोडीला जात होता.

"हा चौदाचा?" मी विचारलं.

"आधार कार्डात चौदाचा," रमीबाई म्हणाली. "शाळेत घातला तेव्हाच दहाचा होता. मास्तरने पहिलीचा म्हणून सहा लिहिलं. तेच कार्डावर आलं. माझ्या पोरीच्या एक महिना आधी जन्मलाय तो, साहेब. अठरा पूर्ण."

"मग पांढरं का नाही दिलंस?"

"पांढरंच काढलं होतं. मग तुझं बोलणं आठवलं."

मागच्या महिन्यात ऑनलाइन नोंदीत वयं जुळेनात म्हणून वरून मला झापलं होतं. मी तो सगळा राग मीटिंगमध्ये चाळीस आशांवर काढला होता. अंदाजाने वय लिहाल तर याद राखा, कार्डावरचं वय तेच वय. रमीबाईला तर उभं करून बोललो होतो. तेव्हा ती काही सांगत होती, आणि मी तिला खाली बसवलं होतं.

तिच्यासमोर मला तोंड वर करवेना. आमशा तापाने फणफणला होता. त्याच्या दोन भावांनी त्याला झोळीत घालून जीपपर्यंत आणला. मी मागून चालत होतो आणि वाटेत मला एकच भीती होती, की पोरगा हातातून जाईल आणि त्याला मी घालवलेलं असेल. केंद्रात पोचताच मॅडमना सांगितलं, औषध चुकलेलं नाही, मी चुकलोय. त्यांनी वजन केलं, छपन्न किलो. मोठ्या माणसाचा पूर्ण डोस नव्याने सुरू झाला. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. चौथ्या दिवशीची काच स्वच्छ. आठव्या दिवशीचीही स्वच्छ. मी दोन्ही काचा स्वतः भिंगाखाली घालून बघितल्या, इतरांच्या डोळ्यांवर तेव्हा माझा विश्वास बसणार नव्हता.

पुढच्या मीटिंगला मी उभा राहिलो. आवाज नेहमीइतकाच मोठा ठेवला, कारण ओरडून दिलेला हुकूम पुटपुटत मागे घेता येत नाही. म्हणालो, मागच्या वेळी मी जे सांगितलं ते चूक होतं. आमशाला कमी डोस गेला तो माझ्यामुळे. रमीबाई बरोबर होती. आता वय डोळ्यांनी बघा, आईला विचारा, शंका आली तर वजन करा, आणि कार्डाचं काय ते माझ्यावर सोडा.

मला वाटलं, संपलं. तेवढ्यात मागच्या रांगेतली जसोदाबाई उठली. "साहेब, माझ्याकडे पण दोघांना लाल पाकीटच दिलंय. दोघं बाप्ये आहेत."

तिच्या शेजारची उठली. मग खिडकीजवळच्या तिघी. मी मोजायला लागलो आणि अकरावर माझा आवाज गेला.

रमीबाईने माझ्या हातातून पेन घेतलं. "बस तू, साहेब," ती म्हणाली, आणि बायांकडे वळली. "एकेक जण नाव आणि पाडा सांगा. उद्या सकाळपासून सगळ्यांचं रक्त परत घ्यायचंय."