जिन्याखालचा पत्ता

शिंप्याच्या मशीनखाली रोज कातरण पडते. मुद्दाम कुणी साठवत नाही. पण महिन्याने वाकून काढावी तर उशी भरेल एवढी निघते. किस्स्यांचं तसंच आहे. देवासच्या जुन्या मार्केटात मी तीसएक वर्षं जिन्याखाली मशीन घेऊन बसलो. सगळे मला मास्टर म्हणत, पण शाळेची पायरी मी चढलेलो नाही. मी सांगतो, नात लिहून घेते. तीही हिंदी शाळेतली, मध्येच थांबून विचारते, "आजोबा, ये मराठी में कैसे लिखते हैं?" म्हणून जरा सावकाश चालतो.

मार्केट पाडून नवं बांधायचं निघालं होतं, तेव्हाची कातरण सगळ्यात जास्त.

*

आधी मार्केट समजून घ्या. देवासला पूर्वी दोन राजे. एक थोरली पाती, एक धाकटी पाती. गाव एक, राज्यं दोन! मार्केटात शिरलं की उजवीकडची अकरा दुकानं थोरल्या पातीने बांधलेली, डावीकडची अकरा धाकट्या पातीने. वर माडी. जिना मात्र कुणीच बांधला नाही! ह्यांना वाटलं ते बांधतील, त्यांना वाटलं हे. म्हणे दोन वर्षं लोक शिडी लावून माडीवर चढत होते. शेवटी दुकानदारांनीच मधोमध जिना केला. त्यालाही कठडे दोन तऱ्हेचे. उजवा लाकडी, थोरल्यांचा. डावा लोखंडी, धाकट्यांचा.

राजे गेले, राज्यं गेली, कठडे राहिले. कापडवाले अण्णा थोरल्या पातीचे. जन्मात त्यांनी त्या लोखंडाला हात लावला नाही. एकदा सायकलवरून पडले, उजवा हात प्लास्टरमध्ये. गोदाम माडीवर, चढणं तर भाग. मी म्हटलं, "अण्णा, आजच्या दिवस डावा कठडा धरा."

मी काहीतरी अभद्र बोललो अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पाठ फिरवली, डाव्या हाताने आपलाच लाकडी कठडा धरला आणि जिना उलटा चढले! अठरा पायऱ्या! वर पोचल्यावर धापा टाकत म्हणाले, "बघितलंस?"

बघितलं. अजून दिसतं.

*

दोन्ही पात्यांनी आपापली दुकानं एकपासून अकरापर्यंत मोजलेली. म्हणजे प्रत्येक नंबर दोनदा! चार नंबर अण्णांचा, आणि समोर भांडीवाले बाबूलाल, त्यांचाही चारच. टपाल यायचं, 'दुकान नंबर चार, जुनं मार्केट'. पोस्टमनने तरी काय करावं?

एकदा अण्णांच्या हाती पत्र पडलं. त्यांनी खिशात घातलं, घरी गेले, बायकोला वाचायला दिलं. आत लिहिलेलं, "रविवारी आम्ही पाच जण मुलगी बघायला येतो आहोत. तिला निळी साडी नेसवावी."

अण्णांना तीन मुलगे. मुलगी नाही.

काकू दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी एवढंच विचारलं, "केवढी झाली हो ती?"

*

त्यानंतर पोस्टमन रामलालभियांनी ठरवूनच टाकलं. सगळं टपाल आणून माझ्या मशीनवर ठेवलं. "मास्टर, आजसे सबकी डाक तुम्हारे पास."

मी हबकलो. "भिया, मला वाचता येत नाही!"

"इसीलिए तो!"

ते खरंच होतं. मी पाकीट उचलायचो, दुकानदार येऊन आपापलं ओळखून न्यायचे. कुणाच्या घरात काय चाललंय ते मला कळायची भीतीच नाही. रजिस्टर पत्र आलं तर रामलालभिया पोचपावतीवर माझा अंगठा घ्यायचे. हळूहळू व्यापाऱ्यांनी आपल्या गावोगावच्या माणसांना कळवलं, नंबर लिहू नका, नुसतं नाव घालून 'जिन्याखाली, जुनं मार्केट, देवास' लिहा, पोचतं. बिलं तशी, लग्नपत्रिका तशा. इंदूरच्या पेढ्यांनी तर तसे शिक्केच करून घेतले. मला मात्र एवढ्या वर्षांत कुणाचं पत्र आलं नाही. येणार कुठून, माझी सगळी माणसं गावातच.

*

पाडायचं कसं निघालं ते सांगतो. एक बाई बाबूलालांकडे पितळेची घागर घेत होत्या. घागर तराजूत, बाबूलाल वजनं टाकताहेत, एवढ्यात वरून छताचा पोपडा सुटला आणि थेट घागरीत! धाडकन पारडं खाली. सगळीकडे धूळच धूळ.

बाई डोळे पुसत म्हणाल्या, "सेठ, छत का पैसा अलग लगेगा क्या?"

हसायला कुणालाच सुचलं नाही. बाई हातभर पुढे असत्या तर?

*

मग कुक्षी गावाहून एक शेट आले. कापसाचा पैसा. नगरपालिकेशी बोलणं झालेलं, जुनं पाडायचं, तीन मजली शॉपिंग सेंटर उभं करायचं. तळातली बावीस दुकानं जुन्या लोकांना, वरचे मजले शेटजींनी विकायचे. पण शेटजींचं मन मागेपुढे व्हायचं. कारखाने आले, नवी माणसं आली, ती सगळी हायवेकडच्या दुकानांत जातात. गल्लीतल्या मार्केटात एवढा पैसा घालून निघेल का? ते भेटेल त्याला विचारायचे. अण्णा म्हणायचे, "बेलाशक घाला." बाबूलाल म्हणायचे, "डालो, लेकिन तोड़ना सामने से शुरू करो."

इंजिनियरने माझ्या मशीनवरच नकाशा पसरला. मी विचारलं, "साहेब, जिना कुठाय ह्यात?"

"जिना मागे गेला. इथे लिफ्ट येणार!"

"मग लिफ्टखाली मी बसू का?"

इंजिनियर दचकलाच. "लिफ्टखाली कुणी बसत नसतं दादा, मराल!"

त्या दिवशी माझ्याकडून एका पोराच्या चड्डीला दोन्ही खिसे एकाच बाजूला लागले. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "मशीन घरी आणा." आमचं घर देवीच्या टेकडीच्या पार मागच्या अंगाला. तिथे गिऱ्हाईक कोण येणार? ती भाकरी थापत राहिली. तिलाही ठाऊक होतं.

*

दुकानदारांचं एकमत होईना, तेव्हा टेकडीवर देवीला चिठ्ठी टाकायचं ठरलं. आमच्या टेकडीवर दोघी बहिणी, थोरली आणि धाकटी. उजवीकडचे गेले थोरलीकडे, डावीकडचे धाकटीकडे! एकीकडे निघालं 'पाडा', दुसरीकडे 'पाडू नका'. दोन्ही घोळके वाटेत भेटले आणि तिथेच जुंपली.

एक म्हातारे पुजारी वरून उतरत होते. ऐकून उभेच राहिले. "अरे, आता त्या दोघींतही भांडण लावता काय?"

*

दुकानदारांशी मीटिंग असली की त्याआधी शेटजी वेळ काढायला माझ्याजवळ स्टुलावर बसायचे. मला हाक "ए टेलर" अशी. एके दिवशी पिशवीतून पांढरा शर्ट काढला. कॉलर पार विरलेली. म्हणाले, "इसकी कॉलर उलटी करके लगा दे."

मी बघतच राहिलो. तीन मजले बांधायला निघालेला माणूस! म्हटलं, "शेटजी, नया सी देता हूँ ना."

"क्यों? कपड़ा तो अच्छा है. किनार ही घिसी है."

मी कापड उजेडात धरलं, अंगठ्याने चोळून पाहिलं. खरं बोलत होते. जुन्या गिरणीचं कापड, अजून दहा वर्षं हललं नसतं. कॉलर उसवली, आतली बाजू बाहेर काढून लावली. शेटजींनी आरशात पाहिलं आणि म्हणाले, "देखा! कौन कहेगा पुराना है?"

*

आता शेवटचा.

नगरपालिकेने नोटीस काढली. ज्याच्याकडे कब्जाचा कागद असेल त्याला नवं दुकान, नसेल त्याला काही नाही. सुनावणी माडीवर. टेबल, टेबलामागे अधिकारी, शेजारी शेटजी, अंगात तोच पांढरा शर्ट. बावीस दुकानदार फाइली घेऊन बसलेले. मी दाराशी उभा. माझ्याकडे कागद म्हणजे गिऱ्हाइकांची मापं, तीही रेघांत लिहिलेली.

अधिकारी मराठीच होते. अण्णांचे कागद उघडून वाचू लागले. "जिन्याखाली, जुनं मार्केट. ठीक." मग बाबूलाल. "जिन्याखाली." त्यांनी चष्मा पुसला. तिसरा. "जिन्याखाली." चौथा. पाचवा. बाराव्याला त्यांनी वाचणं सोडलं, नुसती पानं उलटू लागले.

"बावीसच्या बावीस जण जिन्याखाली राहता?"

अण्णा उठले. "तसं नाही साहेब, ते टपालाच्या सोयीसाठी..."

"मग दुकानांत कोण आहे? त्याचा एक तरी कागद आहे का?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. संस्थानी पट्टे, म्हणजे दुकानं दिल्याचे कागद, होते म्हणे, पण ते विलीनीकरणाच्या वेळी जमा केले ते केलेच. परत आणायला कोण जाणार? ह्यांना वाटलं ते जातील, त्यांना वाटलं हे.

अधिकाऱ्यांनी आपली फाइल ओढली. "सुनावणीची नोटीस आम्ही बावीस जणांना रजिस्टरने पाठवली. बावीस पोचा परत आल्या." त्यांनी एकेक पोच पत्त्यांसारखी टेबलावर मांडली. सगळ्यांवर जांभळा ठसा. शेवटची ठेवली आणि त्यांचा हात तसाच राहिला.

"अंगठा एकाचाच आहे! कुणाचा हा?"

मी अंगठा वर केला. आदल्याच आठवड्यातली शाई नखाच्या कडेला अजून होती.

बाबूलाल तोंडातल्या तोंडात "हे भगवान" म्हणाले. अण्णा उठले होते ते बसायचं विसरले.

अधिकारी म्हणाले, "कागदावर बघायचं तर ह्या मार्केटात माणूस एकच आहे."

शेटजींनी आपली खुर्ची सोडली. स्वतः उचलून माझ्यापाशी आणली. "बैठिए, मास्टरजी." तीन महिन्यांत पहिल्यांदा मास्टरजी! मी बसलो नाही. ते जवळ येऊन हळूच म्हणाले, "सबसे पूछ लिया, आपसे नहीं पूछा. आप ही बताइए. इसमें पैसा डालूँ कि नहीं? सारा तोड़ के नया बनाऊँ?"

बावीस जण माझ्याकडे बघत होते. मला एवढ्या माणसांपुढे बोलायची सवय नाही. अंगठा धोतराला पुसला. मग मला जे सुचलं ते विचारलं.

"शेटजी, वो कॉलर कैसी चल रही है?"

शेटजींचा हात मानेकडे गेला, उलटवलेल्या कॉलरवरून अंगठा फिरला, आणि मग ते वर जुन्या छताकडे बघू लागले.