प्रमाणित युनिक्सच हवं

माझ्या हुशारीचा एक किस्सा सांगते. ऐकून झालं की ‘हुशारी’ हा शब्द तुम्हीच खोडून टाकाल.

मी बँकेच्या कॉम्प्युटर खात्यातून रिटायर झाले. तीस वर्षं युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर. म्हणजे काळा स्क्रीन, हिरवी अक्षरं आणि आपण काहीतरी भयंकर महत्त्वाचं करतोय असा चेहरा. रिटायर झाल्यावर चेहरा तसाच राहिला, पण बघायला कोणी नव्हतं.

अशात पिंपळगावहून तात्यांचा फोन आला. तात्या तिथल्या द्राक्ष सोसायटीचे चेअरमन. पॅकहाऊसमध्ये क्रेटची वजनं नोंदवायला नवा कॉम्प्युटर घ्यायचा होता.

“मॅडम, टेंडरच्या अटी तुम्ही लिवा. यंत्र बंद पडलं नाय पायजे, बाकी आमाला काय कळत नाय.”

खरं तर यात लिहिण्यासारखं काहीच नव्हतं. जुना कॉम्प्युटर वैशाली सांभाळायची. निफाडची मुलगी, स्वतःचा छोटासा व्यवसाय. तिने त्यावर युनिक्ससारखंच चालणारं लिनक्स टाकलेलं आणि ते कधी शिंकलंसुद्धा नव्हतं. नवं कामही तिलाच मिळणार, हे सगळ्यांनी धरलेलं. तिने मला फोनही केला. “मॅडम, अटीत काही विशेष आहे का?”

“तुझ्यासाठीच लिहितेय,” मी म्हटलं.

आणि लिहिलं काय? ‘ऑपरेटिंग सिस्टीम प्रमाणित युनिक्सच असावी.’ आम्हा बँकवाल्यांना युनिक्स काय आणि लिनक्स काय, कमांड त्याच, स्वभाव तोच. ‘प्रमाणित’ हा शब्द केवळ वजन यावं म्हणून घातला. वर आणखी एक ओळ, ‘अटींत कोणत्याही परिस्थितीत बदल होणार नाही.’ तात्यांनी सही केली. कागद पंधरा दिवस बोर्डावर होता.

पाकिटं उघडायच्या दिवशी दोनच पाकिटं आली. एक वैशालीचं. दुसरं नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका दुकानदाराचं. त्याने पातळ, चंदेरी लॅपटॉप टेबलावर ठेवला. झाकणावर चावा घेतलेलं सफरचंद.

मी हसले. चांगली मोठ्याने हसले. “अहो, हे फोटोबिटो बघायला ठीक आहे. इथे युनिक्स हवंय.”

“मॅडम, हेच युनिक्स आहे,” तो शांतपणे म्हणाला आणि एक छापील यादी पुढे सरकवली. प्रमाणित युनिक्सची यादी. त्यात त्याची सिस्टीम होती. वैशालीची नव्हती.

तात्यांनी यादी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. “म्हंजे वैशालीचं युनिक्स नाय?”

“आहे. म्हणजे तसं आहे.”

“तसं म्हंजे?”

इथे गप्प बसले असते तर वाचले असते. पण मी इतिहास सुरू केला. युनिक्स एका अमेरिकन टेलिफोन कंपनीत जन्मलं, तिने ते परवान्यावर इतरांना दिलं, ज्याने त्याने आपापलं वेगळं केलं, मालक बदलले, कोर्टकचेऱ्या झाल्या. शेवटी नाव एका संस्थेकडे गेलं. परीक्षा द्या, फी भरा, मगच नाव लावा. आणि फुकट मिळणाऱ्या लिनक्ससाठी ही फी सहसा कोणी भरत बसत नाही.

तात्या मन लावून ऐकत होते. “म्हंजे वाण तोच, पण सातबाऱ्यावर नाव नाय.”

“वाणही तोच नाही हो. ते पहिल्या ओळीपासून नव्याने लिहिलंय.”

“मंग तर कलम बी नाय.”

मी जितकं समजावत होते, तितकं वैशालीचं पाकीट टेबलाच्या कडेला सरकत होतं. ती माझ्याकडे बघतही नव्हती. मी म्हटलं, “तात्या, अट बदलू या.”

तात्यांनी माझीच ओळ मला वाचून दाखवली.

चंदेरी लॅपटॉप पॅकहाऊसमध्ये आला. वजनकाटा त्याला जोडणं मात्र दुकानदाराला जमेना, तेव्हा ते काम आणि पुढची सगळी देखभाल वैशालीकडे आली. माझा जीव भांड्यात पडला. मग तात्यांनी मला बोलावलं, “मॅडम, आता सगळ्यांना जरा युनिक्स दाखवा.”

वजन करणाऱ्या बायका, संचालक, सगळे जमले. मी खुर्ची ओढून बसले आणि काळा स्क्रीन शोधू लागले. इथे टिचकी, तिथे टिचकी. कॅलेंडर उघडलं. गाणी उघडली. मग कॅमेरा चालू झाला आणि स्क्रीनभर माझाच घामेजलेला चेहरा आला. मागून एका बाईने विचारलं, “हेच का युनिक्स?”

वैशाली पुढे वाकली, दोन बटणं दाबली. काळी खिडकी उघडली.

तात्यांनी अगदी आदराने विचारलं, “मॅडम, तीस वर्षं बँकेत तुमी नक्की कशावर काम केलं?”

“खुर्चीवर,” मी म्हटलं आणि उठून ती वैशालीला दिली.