बॉनेटवरचा शाफ्ट

चंपतराव निनावे हा माणूस म्हणजे माझ्या डोक्याला ताप होता, हे आधीच सांगून टाकतो. खापा गावच्या विणकराच्या घरातला. पण मागावर न बसता नागपुरात आमच्या सरकारी वर्कशॉपात मिस्त्री झाला. मी देवराव, तिथं टेस्टिंगचे आकडे लिहायचो.

आमच्याकडे जमिनीत बसवलेले दोन मोठे रोलर होते. गाडीची मागची चाकं त्यांवर चढवून इंजिन पळवायचं. चाकं फिरतात, गाडी जागची हलत नाही आणि भिंतीवरचा काटा इंजिनाची ताकद दाखवतो. ट्रकसाठी हे ठीक. पण जंगल खात्याच्या जीपची चारही चाकं ओढणारी, आणि पुढची दोन तर साध्या फरशीवर! ड्रायव्हरजवळची दांडी 'दोन'वर टाकली की पुढची चाकं मोकळी होतात, असं कंपनीचं पुस्तक सांगे. चंपतरावांचा भरवसा ना पुस्तकावर, ना दांडीवर. ते जीपखाली शिरत, पुढच्या चाकांकडे ताकद नेणारा शाफ्टच काढून आणत आणि बॉनेटवर आडवा ठेवत. तो सगळ्यांना दिसला की मगच जीप रोलरवर चढायची. यात अर्धा तास जायचा आणि मी घड्याळ पाहत कुढायचो.

"काहून गा चंपतराव, एवढा टाइम खाऊन राहिले?" मी विचारायचो.

"दांडी वरून दोनवर दिसते. आतलं कोण पाहून राहिलं?"

शहात्तरच्या एप्रिलात हेड मिस्त्रीच्या जागेसाठी त्यांचं नाव गेलं. बावीस वर्षं वाट पाहिलेली जागा. सही व्हायची होती आमच्या नव्या इंजिनिअर साहेबांची, मधुकररावांची. चंपतरावांच्या बायकोनं, रुखमाबाईनं, आमच्या घरी येऊन म्हटलं होतं, "यंदा तरी होऊ दे बाप्पा!"

त्याच आठवड्यात एक जीप तपासून लगेच पारशिवनीला धाडायची होती. साहेब स्वतः रोलरपाशी येऊन उभे राहिले. चंपतराव पाना घेऊन वाकले, तसे साहेब कडाडले, "दांडी दोनवर आहे ना? मग हा काय पोरखेळ? हेड मिस्त्रीच असा वेळ घालवायला लागला, तर झालंच आमचं कल्याण!"

मला वाटलं, आता हा बाबा अडून बसणार. कशाचं काय! चंपतरावांनी पाना खिशात घातला, दांडी दोनदा हलवून पाहिली आणि मुकाट्यानं जीपमध्ये बसले. सुटलो एकदाचा, असं मला झालं. पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावून मी तिथंच समोर भिंतीपाशी उभा राहिलो.

दांडी दोनवर होती, पण आतले दाते चारवरच अडकलेले होते. क्लच सुटला, फरशीवरच्या पुढच्या चाकांनी ओढ घेतली आणि जीप ठोकळे ओलांडून माझ्या अंगावर आली. ब्रेक लागेपर्यंत माझा उजवा पाय भिंतीशी चेंगरला होता.

चौकशीला मी कुबड्या घेऊन गेलो. साहेबांनीच घाई केली, हे छातीठोकपणे सांगितलं. काही झालं तरी चंपतरावांची जागा वाचली पाहिजे, असं घरूनच ठरवलं होतं. साहेब मान खाली घालून बसले. चौकशी अधिकाऱ्यानं चंपतरावांना विचारलं, "साहेबांचा हुकूम होता, हे खरं?"

"हुकूम होता," चंपतराव म्हणाले. "पण साहेबांले माहीत नव्हतं, मले माहीत होतं. मले हेड मिस्त्री व्हायचं होतं, म्हणून मी चढवली गाडी. असंच लिहा."

तसंच लिहिलं गेलं. जागा गेली.

बाहेर आल्यावर माझा भडका उडाला. "अहो, मी तुमच्यासाठी भांडून राहिलो आणि तुम्ही सगळ्यावर पाणी फिरवलं! काय गरज होती?"

"जागा भेटली असती देवरावजी," ते म्हणाले. "पण मंग रोज तुमाले चालताना पाहून मी ते काम कसं केलं असतं?"

माझी एक कुबडी त्यांनी स्वतःकडे घेतली, खांदा पुढं केला आणि रिक्षापर्यंत मला नेलं.