अर्धा दाणा

मोहाडीकडच्या प्रयोगशेतावर आम्ही सुवासिक देशी धान आणि भरपूर पिकणारं बुटकं धान यांचा संकर करत होतो. वास तपासायचं यंत्र सत्तरच्या दशकात आमच्याकडे कुठलं? तो होता. रोजंदारीवरचा, पन्नाशीचा माणूस. सोललेला दाणा पुढच्या दातांनी बरोबर मधोमध तोडायचा, एक भाग डोळे मिटून चघळायचा आणि कोंबाचा भाग तळहातावर ठेवायचा. वास आला तर तो भाग पेरणीच्या पाकिटात, नाही तर टाकाऊ दाण्यांच्या डब्यात. आनुवंशिकतेचा अख्खा धडा त्याने एका वाक्यात उरकला होता, "वास पोरायत लपते जी, नातवायत निघते."

नातवंडांची पिढी हाती आली. चारांतल्या एका दाण्याला तरी वास हवा होता. दुपारपर्यंत त्याने सगळे डब्यात टाकले. न राहवून मी डब्यातले काही अर्धे दाणे चावून पाहिले. तिसऱ्यालाच तोंडभर सुवास पसरला.

"याला वास आहे, भाऊ."

माझ्याकडे उरलेला कण त्याने घेतला आणि कितीतरी वेळ चघळला.

"मले वाटलं, धानच बिघडून राहिला," तो हळूच म्हणाला.

दोन हंगाम त्याला कीटकनाशक फवारायला मीच पाठवत होतो. नाकाला खांद्यावरचा सुती दुपट्टा बांधायचा, बस्स.

दुसऱ्या दिवशी फवारणीला माणूस कमी पडला. त्याने आपणहून पंप पाठीला लावला.

"मीच जातो जी. आता माहं काय जाते?"

मी त्याला अडवलं नाही.